‘लेट’ ह्या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ : होऊं देणें कीं अडविणें?



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत आतां इंग्रजी वाचणारीं मुलें-मुली पुष्कळ झालीं आहेत, आणि उपदेशक बंधूंपैकींही कित्येक जण मराठी पवित्र शास्त्राबरोबर इंग्रजी प्रत जवळ ठेवितात. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु परकी भाषेंत मोठ्या शब्दांपेक्षां लहान शब्दच मनुष्यास अधिक फसवितात. मोठा शब्द आला कीं आपण कोश उघडतों. लहान शब्द आपणांस येतोच असें समजून पुढें जातों. एल, ई, टी ह्या तीन अक्षरांचें ‘लेट’ हें क्रियापद असेंच आहे. त्यानें आम्हांस एकदां कसें फसविलें तें आधीं सांगतों, आणि मग त्याचे अर्थ क्रमानें पाहूं.

सेमिनरींतील शिक्षण पुरें करून आम्ही एका लहान गांवच्या मंडळींत कामास लागलों, तें आमचें पहिलेंच वर्ष होतें. एका सायंकाळीं प्रार्थनासभेंत थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय आम्ही समजावून सांगत होतों. त्याच्या सातव्या वचनाचा भाव असा आहे कीं, अधर्म गुप्तपणें आपलें काम करीत आहे, परंतु सध्यां त्यास अडवून धरणारा कोणी एक आहे. आमच्या हातांत इंग्रजी भाषांतराची जुनी प्रत होती. तींत ह्या ठिकाणीं ‘लेट’ हें क्रियापद दिसलें. ‘लेट’ म्हणजे ‘होऊं देणें’, हें आम्हीं शाळेंत पाठ केलें होतें. तेव्हां आम्हीं मोठ्या विश्वासानें सांगून टाकिलें कीं, इंग्रजींत ‘होऊं देणारा’ असें आहे. मराठींत ‘अडविणारा’ असें आलें, ही मराठी भाषांतरकारांची चूक होय.

सभा संपल्यावर एक वृद्ध शेतकरी मागें थांबले. त्यांस अक्षरओळख नव्हती. त्यांची नात रोज रात्रीं दिव्याजवळ बसून त्यांस एक अध्याय वाचून दाखवीत असे. ते म्हणाले, “पाळकसाहेब, ह्ये एक चुकलं म्हंता. मग आणिक कुठं कुठं चुकलंय, तिथं बी खुणा करून द्या. तंवर पोरीला वाचू नको म्हणून सांगतो.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एका शब्दाच्या अर्थावरून एका घरांतील वाचन बंद पडणार होतें. आम्हीं त्याच रात्रीं एका वडील पाळकबंधूंस पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर फार थोडक्यांत आलें : ‘कोशांत तोच शब्द पुन्हां पाहा, आणि ह्या खेपेस शेवटपर्यंत वाचा.’ आम्हीं पाहिलें. पहिल्या ‘लेट’च्या खालीं, त्याच अक्षरांचा, दुसरा एक ‘लेट’ स्वतंत्र दिलेला होता. आणि त्याचा अर्थ ‘अडविणें’ असा होता. चूक मराठी भाषांतरकारांची नव्हती, इंग्रजी भाषांतरकारांचीही नव्हती. ती आमची होती. असा प्रसंग आमच्या कोणा बंधूवर येऊं नये म्हणून हा पाठ लिहीत आहों.

पहिला अर्थ : होऊं देणें

ह्या क्रियापदाचा रोजचा अर्थ परवानगी देणें, आड न येणें, असा आहे. मराठींत ह्यासाठीं आपण ‘देणें’ हें क्रियापद दुसऱ्या क्रियापदास जोडतों : जाऊं देणें, बसूं देणें, बोलूं देणें. ‘लेट हिम गो’ म्हणजे ‘त्याला जाऊं द्या’. ‘लेट मी नो’ म्हणजे शब्दशः ‘मला कळूं द्या’, अर्थात् ‘मला कळवा’.

येथें व्याकरणाच्या दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली ही कीं, ‘लेट’च्या पुढें येणाऱ्या क्रियापदास ‘टू’ लागत नाहीं. ‘अलाउ’ ह्या क्रियापदाचा अर्थ जवळजवळ हाच आहे, पण त्याच्या पुढें ‘टू’ अवश्य लागतो. म्हणून ‘अलाउ हिम टू गो’ हें शुद्ध, आणि ‘लेट हिम टू गो’ हें अशुद्ध. परीक्षेस बसणारीं आमचीं मुलें ह्या ठिकाणीं वारंवार चुकतात. दुसरी गोष्ट ही कीं, भूतकाळीं ह्या क्रियापदाचें रूप बदलत नाहीं. ‘ही लेट्स’ म्हणजे ‘तो होऊं देतो’, आणि ‘ही लेट’ म्हणजे ‘त्यानें होऊं दिलें’. एवढ्याशा शेवटच्या ‘स’वरून काळ ओळखावा लागतो.

लहान शब्द जोडले असतां अर्थाला निरनिराळीं वळणें लागतात. ‘लेट गो’ म्हणजे हातांतून सोडणें. ‘लेट ऑफ’ म्हणजे शिक्षा न करितां सोडून देणें. ‘लेट डाउन’ म्हणजे खालीं सोडणें. मार्काच्या दुसऱ्या अध्यायांत चार जणांनीं छप्पर उघडून पक्षघाती मनुष्याची बाज खालीं सोडिली, तेथें जुन्या इंग्रजी भाषांतरांत हेंच शब्द आहेत. परंतु रोजच्या बोलण्यांत त्याच शब्दांचा अर्थ, भरंवसा देऊन ऐन वेळीं तोंडघशीं पाडणें, असाही होतो. ‘लेट अलोन’ म्हणजे कोणास न छेडतां राहूं देणें. आणि वाक्याच्या शेवटीं आलें तर ‘तें तर दूरच राहिलें’ असा अर्थ होतो, जसें : त्याला वाचतां येत नाहीं, लिहिणें तर दूरच.

भाड्यानें देणें

शहरांत घरांवर ‘टू लेट’ अशी पाटी दिसते. येथें मूळ अर्थ फारसा सुटलेला नाहीं. मालक आपलें घर पैसे घेऊन दुसऱ्यास वापरूं देतो, म्हणून ‘लेट’ म्हणजे भाड्यानें देणें. भाड्यानें घेणारा ‘लेट’ करीत नाहीं. तें काम मालकाचें. मराठींत ‘भाड्यानें देणें’ व ‘भाड्यानें घेणें’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, म्हणून आपला घोटाळा होत नाहीं. परंतु इंग्रजी करारनाम्यावर सही करितांना कोण देणारा आणि कोण घेणारा, हें नीट पाहावें. ‘सबलेट’ हा शब्द आला तर तो पोटभाडेकरू ठेवण्याविषयीं आहे, असें समजावें. पुष्कळ करारांत त्याची मनाई असते. कामासाठीं शहरीं गेलेल्या आपल्या तरुणांनीं हा शब्द न कळतां सही करूं नये.

जेथें परवानगीचा प्रश्नच नाहीं

‘लेट अस गो’ ह्याचा अर्थ ‘आम्हांस जाऊं द्या’ असा होऊं शकतो, आणि ‘चला, आपण जाऊं या’ असाही होतो. पहिल्या अर्थीं आपण दुसऱ्याजवळ परवानगी मागतों. दुसऱ्या अर्थीं आपण आपल्याच सोबत्यांस बोलावितों. उपासनेंत ‘लेट अस प्रे’ असें म्हणतात, तेव्हां कोणी कोणाजवळ परवानगी मागत नसतो. ‘आपण प्रार्थना करूं या’ एवढाच त्याचा अर्थ.

तसेंच, इच्छा किंवा आज्ञा दाखवावयाची असतां इंग्रजीस ह्या क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत देव प्रकाशास अस्तित्वांत येण्याची आज्ञा करितो, तेथें इंग्रजींत ‘लेट’ आहे. एका तरुणानें आम्हांस विचारिलें होतें, “पाळकसाहेब, देवानें प्रकाशाला परवानगी दिली, म्हणजे तो आधींच कोठें तरी थांबलेला होता काय?” प्रश्न हुशारीचा होता, परंतु तो इंग्रजी शब्दांतून उत्पन्न झाला होता. हिब्रू भाषेंत त्या जागीं परवानगीचें निराळें क्रियापद मुळींच नाहीं. ‘होणें’ ह्या क्रियापदाचेंच आज्ञा व इच्छा दाखविणारें एक रूप तेथें आहे. मराठींतही असें रूप आहे : होवो, येवो, राहो, मिळो. इंग्रजींत क्रियापदांचीं तशीं रूपें बहुतेक झिजून गेलीं, म्हणून तिला ‘लेट’ची काठी टेकावी लागते. ह्या बाबतींत मराठी वाचणारी आमची भगिनी इंग्रजी वाचणाऱ्या पदवीधरापेक्षां मूळ भाषेच्या अधिक जवळ आहे, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरा अर्थ : अडविणें

आतां ज्या अर्थानें आम्हांस फसविलें त्याकडे वळूं. सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत दोन निराळीं क्रियापदें होतीं. एकाचा उच्चार अजमासें ‘लॅटन्’ असा असे. त्याचा अर्थ सोडणें, राहूं देणें. दुसऱ्याचा उच्चार ‘लेट्टन्’ असा असे. त्याचा अर्थ अडविणें, उशीर करविणें. पुढें शेवटचीं अक्षरें गळत गेलीं, उच्चार एकमेकांजवळ आले, आणि दोन्हीं शब्द ‘लेट’ ह्या एकाच रूपांत येऊन बसले.

हें दुसरें क्रियापद लक्षांत ठेवण्यास एक सोपी खूण आहे. ‘गाडी लेट आहे’ हें वाक्य आपल्या खेड्यांत कोणास कळत नाहीं? त्या ‘लेट’चीं अक्षरें वेगळीं आहेत, एल, ए, टी, ई, आणि त्यांतील एकार लांबवून उच्चारितात. परंतु तो ह्या दुसऱ्या क्रियापदाचा भाऊबंदच आहे. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ ‘मंद, सावकाश’ असा होता, आणि त्यापासूनच ‘मंद करणें, खोळंबा करणें, अडविणें’ हें क्रियापद झालें. भाषापंडित म्हणतात कीं, फार मागें गेलें तर दोन्हीं क्रियापदांचें मूळ एकच असून त्याचा भाव ‘ढिलें, शिथिल’ असा असावा. बैलाचा कासरा ढिला सोडला तर बैल मोकळा होतो. आणि बैलच ढिला पडला तर गाडीला खोळंबा होतो. एका भावांतून मोकळीक आणि अडथळा असे दोन उलट अर्थ कसे निघतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

अडविण्याचा अर्थ इंग्रजींत पूर्वीं सर्वत्र चालत असे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचें मराठी रूपांतर गोपाळ गणेश आगरकर ह्यांनीं ‘विकारविलसित’ ह्या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध केलें. मूळ नाटकाच्या पहिल्या अंकांत राजपुत्र आपल्या पित्याच्या पिशाचामागें जाऊं लागतो, तेव्हां सोबती त्यास धरून ठेवितात. आणि मला जो कोणी ‘लेट’ करील त्यास मी ठार करीन, अशी धमकी तो देतो. येथें ‘होऊं देणें’ हा अर्थ लाविला तर, जाऊं देणाऱ्यासच तो मारण्याची धमकी देतो, असें हास्यास्पद ठरेल.

आज हा अर्थ रोजच्या भाषेंतून गेला आहे. तथापि दोन ठिकाणीं तो अजून जिवंत आहे. टेनिसच्या खेळांत पहिला मारलेला चेंडू जाळीला घासून योग्य जागीं पडला, तर ‘लेट’ असें म्हणून तो फटका पुन्हां मारावयास लावितात. कारण जाळीनें त्यास अडथळा केला. दुसरें ठिकाण भारताचा पासपोर्ट. त्याच्या आरंभीं राष्ट्रपतींच्या नांवानें सर्व संबंधितांस विनंती केलेली असते कीं, हा पासपोर्ट धारण करणाऱ्यास ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ मोकळेपणानें जाऊं द्यावें. ‘विदाउट’ म्हणजे वांचून. आतां ‘लेट’ म्हणजे परवानगी असें धरिलें तर ‘परवानगीवांचून’ असा भलताच अर्थ निघतो, आणि परदेशीं कामास जाणाऱ्या मुलाचा बाप उगाच घाबरून जाईल. खरा अर्थ ‘अटकाव किंवा अडथळा न करितां’ असा आहे. तेथेंच हिंदी मजकुरांत ‘बिना रोक-टोक’ असे शब्द आहेत. इंग्रजी शब्दानें जें झांकलें, तें आपल्या देशी भाषेनें उघड करून दाखविलें.

आपल्या भाषेंतही असें आहे

हें वाचून कोणी इंग्रजीस हंसेल, तर त्यानें आपल्या घरांत पाहावें. वाणी रात्रीं ‘दुकान वाढविलें’ असें म्हणतो, तेव्हां त्यानें दुकान मोठें केलें नसून बंद केलें असतें. ‘नारळ वाढविला’ म्हणजे फोडला. पाहुणा ‘येतों’ म्हणून उठतो, आणि जातो. एखादा परदेशी मनुष्य नुकताच मराठी शिकून आला, तर तो दारांत वाट पाहत बसेल. फोडणें, बंद होणें, जाणें, हे शब्द अशुभ वाटतात म्हणून आपण उलट शब्द वापरितों. इंग्रजींत दोन निराळे शब्द एकरूप झाले. कारणें वेगळीं आहेत, पण वाचणाऱ्यासाठीं धडा एकच. दुकान वाढविलें कीं बंद केलें, हें आपण कोशावरून ओळखीत नाहीं. वेळ कोणती, बोलणारा कोण, पुढचें-मागचें बोलणें काय, ह्यांवरून ओळखितों. परक्या भाषेंतही हीच रीत धरावी.

शास्त्रांतील जागा

१६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत ‘अडविणें’ ह्या अर्थाचा ‘लेट’ ज्या ठिकाणीं आला आहे, त्यांपैकीं दोन उपदेशकांनीं अवश्य टिपून ठेवावीं : थेस्सलनीकाकरांस दुसरें पत्र २:७ आणि रोमकरांस पत्र १:१३. रोमकरांस लिहितांना पौल म्हणतो कीं, तुम्हांकडे येण्याचा मीं अनेकदां बेत केला, परंतु आतांपर्यंत मला अडथळा आला. १८८१ सालीं इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली, तेव्हां ह्या दोन्हीं जागीं ‘लेट’ काढून, अडविण्याचा अर्थ स्पष्ट दाखविणारे शब्द घातले गेले. कारण तोंवर इंग्रज वाचकांसही तो जुना अर्थ कळेनासा झाला होता. मार्क १०:१४ येथें बालकांस येऊं देण्याविषयीं जुन्या इंग्रजींत ‘सफर’ हें क्रियापद आहे. आज त्याचा अर्थ ‘दुःख सोसणें’ असा होतो. तेथें तो ‘येऊं देणें’ असा आहे. हीही जागा टिपून ठेवावी.

मराठी शास्त्र हें इंग्रजीची नक्कल आहे, असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नाहीं. उदाहरणार्थ, पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून केलेलें मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणून इंग्रजी आणि मराठी ह्यांत फरक दिसतांच मराठीस दोष देणें, हें एका भावंडास दुसऱ्या भावंडाच्या मापानें मोजण्यासारखें आहे. दोघांचें आईबाप एकच, पण एक दुसऱ्याचें लेंकरूं नव्हे.

तेव्हां आमची बंधूंस तीन प्रकारची विनंती आहे. एक, ओळखीचा शब्द वाक्यांत बसत नसेल, तर वाक्य मोडूं नका. शब्दच पुन्हां पाहा, आणि कोशांतील नोंद शेवटपर्यंत वाचा. दोन, जुनें इंग्रजी भाषांतर वापरीत असाल, तर त्याबरोबर एखादें अलीकडचेंही ठेवा. तीन, भाषांतरांत चूक आहे असें वाटलें, तर तें आधीं जाणत्या मनुष्यास विचारा, मग सभेंत बोला. ज्यांस वाचतां येत नाहीं ते आमच्या शब्दावर विसंबून असतात. आम्ही एक वाक्य सहज बोलून जातों. तें घेऊन ते घरीं जातात.

आम्हांस तर उलट वाटेनें जावें लागलें. पुढच्या सभेंत आम्हीं उभे राहून सांगितलें कीं, मागल्या खेपेस आम्हीं चुकीचें शिकविलें. पुस्तकांतील शब्द बरोबर आहे. मग ‘गाडी लेट’ची गोष्ट सांगून अर्थ फोडून दाखविला. ते वृद्ध बाबा पुढेंच बसले होते. त्यांनीं एवढेंच विचारिलें, “मंजी अडीवणाराच न्हवं?” आम्हीं म्हटलें, “होय बाबा, अडविणाराच.” ते म्हणाले, “मग आज पोरीला वाचाया बशिवतो.”

शेवटीं एक गोष्ट सांगून पाठ पुरा करूं. रोमकरांस लिहितांना पौलानें ‘मला अडथळा आला’ ह्यासाठीं जें ग्रीक क्रियापद योजिलें, तें ‘कोलूओ’ होय. प्रेषितांच्या कृत्यांचें पुस्तक त्याच रोम शहरांत संपतें. पौल पहाऱ्यांत आहे, तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांस शिकवीत आहे. आणि मूळ ग्रीक पुस्तकाचा अगदीं शेवटचा शब्द ‘अकोलूतोस’ असा आहे. तो त्याच क्रियापदापासून झाला आहे, आणि त्याचा अर्थ ‘अडथळ्यावांचून’. जो येतांना अडला होता, तो पोहोंचल्यावर अडला नाहीं. शब्दांचे अर्थ नीट पाहणाऱ्यास अशा गोष्टी सांपडतात.

सरावासाठीं प्रश्न

१. ‘लेट हिम टू सिट’ ह्या वाक्यांत कोणती चूक आहे?
२. घराचा मालक ‘लेट’ करितो कीं भाडेकरू? कारण सांगा.
३. ‘लेट अस गो’ ह्याचे दोन अर्थ मराठींत लिहा.
४. पासपोर्टांतील ‘लेट’ आणि ‘टू लेट’ ह्या पाटीवरील ‘लेट’ ह्यांत काय भेद आहे?
५. मराठींतील असा एखादा शब्द सांगा कीं जो प्रसंगीं आपल्या नेहमींच्या अर्थाच्या उलट वापरितात. तो ‘वाढविणें’ व ‘येणें’ ह्यांहून निराळा असावा.